पटल शाबूत आहे, पण

ज्या माणसांवर मी आजवर मनापासून चिडले, त्यांत पहिला नंबर एका सज्जन माणसाचा लागतो. कारखानदार, त्यांचे वकील, कचेरीतले साहेब यांच्यावर चिडणं हे तर माझं कामच होतं. तो राग पत्रकात बसायचा, घोषणेत बसायचा आणि संध्याकाळी बसमधून उतरेपर्यंत निम्मा ओसरलेला असायचा. या माणसावरचा राग मात्र घरी पोचल्यावर चढायचा. कारण घर त्यांचंच होतं.

जयनगरात त्यांच्या घराच्या मागच्या अंगाला, नारळाच्या झाडाला चिकटून एक खोली होती. तिथे मी भाड्याने राहत होते. मी निपाणीकडची. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड. दोन्ही नीट येतात आणि दोन्हीकडची माणसं मला पलीकडची समजतात. बंगळूरला आले ती एका संघटनेचं पूर्ण वेळ काम करायला. पूर्ण वेळ म्हणजे पत्रक लिहायचं, छापून आणायचं, चौकात उभं राहून वाटायचं आणि कोपऱ्यावरच्या गाड्यावाल्याने त्यात शेंगदाणे बांधून दिलेले बघायचे.

घरमालक एका कॉलेजात बारावीपर्यंतच्या पोरांना जीवशास्त्र शिकवत. घराणं मराठी, पण पणजोबांपासून इथलंच. त्यांची मराठी इथेच वाढलेली होती: क्रियापदं आपली, बाकी सामान शेजारून आणलेलं. मला ते अक्का म्हणत आणि अहो-जाहो करत. अहो-जाहो ते सगळ्यांनाच करत, शिकवणीच्या पोरांना आणि दारात येणाऱ्या मांजरालासुद्धा. मी त्यांना सर म्हणायची. कॉलेजातली पोरं पाठीमागे ‘पोरे मेष्ट्रु’ म्हणायची. कन्नडात पोरे म्हणजे पातळ पापुद्रा, पटल. पटलाचे मास्तर. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

जीवशास्त्राच्या मास्तरांना सहसा हृदय आवडतं, मेंदू आवडतो, फार तर फुलपाखरं आवडतात. यांचा जीव पेशीच्या पटलावर. पेशीच्या आत कितीतरी मोठी मोठी प्रकरणं असतात, पण त्यांचं म्हणणं, ती सगळी मागाहून. आधी आत म्हणजे कुठे, ते ठरायला पाहिजे. “पटल नाही तर आत नाही, बाहेर नाही, अक्का. नुसतं सांबार.”

संध्याकाळी व्हरांड्यात शिकवणी चालायची, आणि माझ्या खोलीला जायची वाट त्या व्हरांड्यावरूनच होती. त्यामुळे पेशीचं पटल मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतून उठवलंत तरी सांगेन. ते पोरांना दोन रांगांत उभे करायचे, पाठीला पाठ लावून. बाहेरच्या रांगेची तोंडं रस्त्याकडे, आतल्या रांगेची घराकडे. तोंडं पाण्याची भुकेली, पाठी पाण्याच्या वैरी. पाण्यात सोडलं की आपोआप पाठी पाठींना चिकटतात आणि तोंडं पाण्याकडे होतात. कुणी शिकवावं लागत नाही. मग ते पोरांना म्हणायचे, आता जागा सोडून जरा सरका. पोरं सरकायची, ढकलायची, खिदळायची. “बघा, ही भिंत नव्हे. भिंत सरकत नाही. ही जत्रेतली गर्दी आहे. माणसं इकडची तिकडे होतात, पण गर्दी तुटत नाही.” त्यानंतर ते दोन-तीन अंगाने भरलेली पोरं रांगांच्या मधोमध आडवी घुसवायचे. ही दारं. साखर, मीठ, असलं जे जे गर्दीतून घुसू शकत नाही ते या दारांतून जातं, आणि प्रत्येक दार आपला माणूस ओळखूनच आत घेतं.

पण दारं त्या दिवशी नाही. दारं दुसऱ्या दिवशी. पहिला तास पटलाचा, दुसरा दारांचा, हा त्यांचा क्रम नोकरीला लागल्यापासून ठरलेला होता. पटल समजल्याशिवाय दार दाखवणं त्यांना अश्लील वाटायचं.

दुसरा नियम घंटेचा. कॉलेजात तास संपल्याची घंटा झाली की सर असतील तिथे थांबत. वाक्य पुरं करून नव्हे. वाक्याच्या मधे, कधी कधी शब्दाच्याही मधे. “उद्या इथून पुढे,” एवढं म्हणायचं, खडू शर्टाच्या खिशात टाकायचा आणि चालू लागायचं. दुसऱ्या दिवशी त्याच शब्दापासून सुरुवात. पोरं पैज लावायची की उद्या अर्धवट शब्दाचा उरलेला अर्धा भाग बोलतात की नाही. बोलत.

मी एकदा विचारलं, दोन मिनिटं जास्त घेतली तर काय आभाळ कोसळतं? ते म्हणाले, “घंटेनंतरचा वेळ दुसऱ्याचा, अक्का. दुसऱ्याच्या वेळेत बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात जेवणं.”

मला तेव्हा हे फार भारी वाटलं होतं. आमच्या संघटनेतले पुढारी दुसऱ्याच्या ताटातच जेवत.

घरी त्या नियमाचा फायदा काकू घेत. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. ठेंगण्या, तुरतुरीत, आणि नवऱ्याच्या शास्त्राने कायमच्या गांजलेल्या. सर जेवताना आमटीवरच्या तुपाच्या थेंबांवर बोलू लागले आणि आमटी निवायला लागली, की काकू उठून देवघरातली पूजेची घंटा आणत आणि हलवत. सर घास हातात घेऊन थांबत. “उद्या इथून पुढे,” म्हणत, आणि मुकाट जेवत. सायकलची घंटा, कुल्फीवाल्याची घंटा, पलीकडच्या शाळेची घंटा, त्यांना सगळ्या सारख्याच. काकू मला म्हणाल्या होत्या, “लग्नात भटजींनी घंटा वाजवली तेव्हा हे मंत्र म्हणायचे थांबले होते. तेव्हाच ओळखायला हवं होतं गं.”

एक गोष्ट आणखी सांगायला हवी, ती खाकीतल्या माणसाची. सरांच्या फाटकाला जाळी होती, आणि ती उघडण्याआधी ते जाळीतून माणसाला निरखून घेत. कोण, कुठून, काय काम. माझ्या मैत्रिणी या चौकशीला कंटाळून येईनाशा झाल्या. पण एकदा काकू देवळात गेलेल्या असताना खाकी कपड्यातला एक जण आला, मीटर बघायचाय म्हणाला. सरांनी खाकी बघितली आणि जाळी उघडली. तो मीटरकडे गेला, मान हलवली, मग स्वयंपाकघरात गेला, तिथला मिक्सर बघून पुन्हा मान हलवली. याच्यामुळे मीटर जास्त पळतोय, दुरुस्त करून आणून देतो, म्हणून मिक्सर काखोटीला मारून निघून गेला. सरांनी त्याला फाटकापर्यंत पोचवलं.

पोलीस चौकीत ते तक्रार द्यायला गेले ते खुशीत. हवालदाराला म्हणाले की चोर जाळी तोडून आला नाही, जाळी शाबूत आहे. तो दारातून आला, कारण दार फक्त खाकी ओळखतं. पेशीतही हुबेहूब हेच होतं. हवालदाराने पेन टेबलावर ठेवलं. काकूंनी पुढचं वर्षभर चटणी पाट्यावर वाटली आणि प्रत्येक वाटणाला खाकीचा उद्धार केला.

आता विहिरीकडे येते.

हेब्बाळच्याही पुढे, शहर संपून शेतं लागत तिथे एका केरेच्या, म्हणजे तळ्याच्या काठी मजुरांची वस्ती होती. वस्तीला पाणी एकाच विहिरीचं. विहिरीपासून हाकेच्या अंतरावर नळांना आणि सायकलींच्या दांड्यांना चकाकी चढवणारा एक कारखाना आला. त्याचं धुतलेलं पाणी उघड्या चरातून तळ्याकडे सोडलेलं. काही महिन्यांत विहिरीचं पाणी पिवळसर झालं. वस्तीत रत्नम्मा नावाची बाई होती, बांधकामावर जायची, आवाज असा की पलीकडच्या काठावर ऐकू जाईल. तिने मला कळशीभर पाणी दाखवलं आणि म्हणाली, “हे मी माझ्या पोरीला पाजते. तू पाजशील?”

आमची मागणी साधी होती. पाण्याची नीट तपासणी करा, आणि ती होईपर्यंत वस्तीला टँकर द्या. कारखान्याचं म्हणणं, रंग मातीचा आहे. सरकारी कचेरीतल्या साहेबांनी सुनावणी ठेवली आणि सांगितलं की कुणी शिकलेला, विज्ञानातला माणूस आणा, घोषणा नकोत. आमच्याकडे घोषणाच होत्या. विज्ञानातला माणूस माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे तुपाच्या थेंबांवर बोलत होता.

मी पत्रकाचा मसुदा घेऊन गेले. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, विहिरीत विष. खाली सरांच्या सहीला जागा सोडली होती.

“विष आहे हे कुणी सांगितलं?”

“पाणी पिवळं आहे, सर.”

“हळदीचं दूधही पिवळं असतं.”

मी म्हटलं, तुम्ही बघायला चला. ते आले. रविवारच्या उन्हात दोन बस बदलून आले, विहिरीत वाकून बघितलं, चर बघितला, रत्नम्माशी पाच-सात वाक्यं बोलले आणि बाटलीभर पाणी घेऊन परतले. सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या टोपलीतली बीटं गायब. सरांनी त्यांच्या सारख्या चकत्या कापल्या, कापल्यामुळे सुटलेला रंग जाईपर्यंत धुतल्या आणि तीन काचेच्या पेल्यांत टाकल्या. एकात नळाचं पाणी, एकात भांडी घासायच्या साबणाचं, एकात विहिरीचं. बीटचा लाल रंग पेशीच्या आत पटलांमागे कोंडलेला असतो; पटल फाटलं की तो बाहेर येतो. पेले खिडकीत ठेवले. काकू म्हणाल्या, “आमच्या घरात बीट आधी शिकतं, मग शिजतं.”

साबणाचा पेला लालभडक झाला. साबण तेलकट गोष्टींचा शत्रू आणि पटल तर त्याच जातीचं. नळाचं पाणी जवळजवळ स्वच्छ राहिलं. विहिरीचंही तसंच राहिलं. थोडं पिवळं, आधी होतं तितकंच.

मी तो पेला हातात घेऊन उभी होते. संपलंच म्हणायचं.

“बसा स्वल्प,” सर म्हणाले. “हे अर्धंच आहे.”

आणि मग त्यांनी मला उरलेलं अर्धं सांगितलं. चकाकी चढवायच्या कामात क्रोमियम वापरतात आणि त्याचं एक रूप पाण्याला नेमका असा पिवळा रंग देतं. ते पटल फाडत नाही. त्याला फाडायची गरजच पडत नाही. शरीराला लागणारं सल्फेट नावाचं एक साधं द्रव्य आहे, त्याच्यासाठी पटलात दार असतं; आणि हे पिवळं घडणीने अगदी त्याच्यासारखं असतं. दार फसतं. उघडतं. “मीटर बघायचाय,” सर म्हणाले. “आत गेल्यावर मात्र ते मिक्सर नेऊन थांबत नाही. घरच मोडतं. म्हणून बीट काही बोललं नाही याचा अर्थ धोका नाही असा नव्हे. माझ्याने पाण्यातलं क्रोमियम मोजता येत नाही, ते रसायनवाल्यांचं काम. पण ते मोजल्याशिवाय या पाण्याचा घोट कुणाला देऊ नये, एवढं मी कुठेही उभं राहून सांगेन.”

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. आमच्या मागणीत आणि या वाक्यात तसूभर फरक नव्हता. मी म्हटलं, सर, सुनावणीत हे आधी सांगा. बीटचं मागून सांगा, किंवा सांगूच नका.

“असं कसं? आधी पटल, मग दारं.”

“साहेब लोक शेवटपर्यंत ऐकत नाहीत, सर.”

“पटलच कळलं नाही तर दार कशात बसवायचं, अक्का?”

मी भांडले. मी म्हटलं की हा वर्ग नाही, समोर पोरं नाहीत, तिथे माणसं तुमचं सोयीचं वाक्य उचलून चालती होतात. ते ऐकत होते, मान डोलवत होते, सरी सरी, म्हणजे बरं बरं, म्हणत होते. ज्यांना सरी सरी म्हणायची सवय असते त्यांना काही पटवता येत नाही, हे मला बंगळुराने शिकवलंय.

सुनावणीच्या दिवशी कचेरीचं दालन भरलं होतं. वस्तीतल्या बाया कामाचा दिवस बुडवून आल्या होत्या आणि मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. रत्नम्मा पुढेच. साहेबांच्या टेबलावर वरून दाबायची पितळेची घंटा होती. ती मी बघितली होती. दर वेळी बघते, सगळ्याच साहेबांच्या टेबलावर असते. ती बघून मला काहीही सुचलं नाही.

सर बोलले, आणि सुंदर बोलले. कन्नडात, सोपं, न अडखळता. तीन पेले त्यांनी घरून नेले होते, ते टेबलावर मांडले. तोंडं आणि पाठी, गर्दी, बीटचा कोंडलेला रंग. मागच्या बाया माना पुढे काढून ऐकत होत्या. कारखान्याचा वकीलसुद्धा कागद चाळायचा थांबला. साहेब हनुवटीवर हात ठेवून लाल पेल्याकडे बघत होते. मला वाटलं, चुकले मी, याच क्रमाने सांगायला हवं होतं.

सर म्हणाले, “विहिरीच्या पाण्यात बीटचा रंग सुटला नाही. म्हणजे पटल शाबूत आहे. पण...”

साहेबांनी हात लांब केला आणि घंटा दाबली.

सर थांबले. ओठ त्या शब्दावर तसेच उघडे होते. मग ते मिटले. “नाळे इल्लिंद मुंदे,” ते हळूच म्हणाले. उद्या इथून पुढे. आणि खाली बसले.

दारातून शिपाई आला. साहेब त्याला म्हणाले, सगळ्यांना कॉफी सांग.

एवढंच. ती घंटा त्यांना थांबवायला दाबली नव्हती. साहेबांना कॉफी हवी होती. प्रोफेसर बसले म्हणजे त्यांचं झालं, असं साहेबांना वाटलं. कुणालाही वाटलं असतं. वकील उठला आणि त्याने प्रोफेसरसाहेबांचे मनापासून आभार मानले. पाण्याने पेशीला इजा होत नाही हे आता शास्त्रानेच सिद्ध झालं, तेव्हा तपासणीचा खर्च सरकारने का करावा?

मी ओरडले. सर, उठा, ती कॉफीची घंटा होती. सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं, तोंडावरचा रंग गेला होता. पण वकील बोलत होता, आणि दुसऱ्याच्या वेळेत ते बोलत नसत. वकिलाचं संपलं तेव्हा साहेब उभे राहिले होते. मी टेबलापर्यंत पोचले तर साहेब म्हणाले, “तुमचेच प्रोफेसर बोलले ना, अम्मा? कूतकोळ्ळी.” बसा. मग दोन शिपायांनी मला बाहेर काढलं. कॉफी आली होती, ती आतल्यांनी प्यायली.

बाहेर पिंपरणीखाली सर आपले तीन पेले पिशवीत घालून उभे होते. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. त्यातलं एक लिहिते, कारण ते मला अजून खरं वाटतं. मी म्हटलं, तुमच्या चांगुलपणाची घंटा दुसऱ्याच्या टेबलावर असते, सर.

त्यांनी पिशवीचे बंद जुळवले. मग म्हणाले, “कॉफीची?”

“हो.”

“तरी वाजली तर होती.” आणि नंतर, माझ्याशी नव्हे, पिशवीशी, “वाक्य राहिलं.”

घरी काकूंनी विचारलं काय झालं. मी सांगितलं. त्या दिवसापासून पूजेत घंटा वाजली नाही. आरती चालायची, टाळ्या वाजायच्या, घंटा देवघराच्या कोनाड्यात पालथी पडलेली असायची.

सर दुसऱ्या दिवशी कॉलेजला जायच्या आधी त्या कचेरीत गेले. माझं वाक्य अपुरं राहिलंय, ते पूर्ण करायचंय, असं त्यांनी शिपायाला सांगितलं. शिपाई म्हणाला, सुनावणी झाली. ते तिसऱ्या दिवशी गेले. आठवडाभर गेले. शिपायाला दया आली, त्याने बसायला स्टूल दिलं. त्या स्टुलावर सर खिशात खडू घेऊन बसत, आणि साहेब आतून बाहेर, बाहेरून आत होत. साहेबांची बदली झाली तरी सर जात राहिले. नवे साहेब म्हणाले, फाइल बंद आहे.

पुढचं झटपट सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. वस्तीतल्या बायांनी कळशा घेऊन रस्ता अडवला, दोनदा मार खाल्ला, मग टँकर सुरू झाला. तो यायचा तेव्हा यायचा. कारखाना आणखी पुढे, जिथे अजून कुणी पत्रकं वाटत नव्हतं, तिथे गेला. विहिरीवर फरशी बसली. पाण्याची तपासणी झाली की नाही, मला आजही माहीत नाही. मी विचारून विचारून थकले. संघटना फुटली, दोन्ही तुकडे मला बोलावतात. मी कुठेच जात नाही. पत्रक लिहायला बसले की पहिलं वाक्य ठळक अक्षरात येतं आणि मग सरांचा आवाज येतो, हे कुणी सांगितलं? हाही एक छळच.

पण त्या बाया रस्त्यावर उतरल्या त्या माझ्या पत्रकामुळे नाही. ते लिहून ठेवलं पाहिजे.

सुनावणीनंतरचा तो रविवार. सर म्हणाले, मला वस्तीत न्या. मी म्हटलं, तिथे तुम्हाला कुणी विचारणार नाही, शिव्या देतील. ते म्हणाले, सरी. आम्ही गेलो. विहिरीपाशी बाया पाणी भरत होत्या, कारण प्रोफेसर म्हणाले होते की काही होत नाही; मी पिऊ नका म्हणत होते, पण मी काही विज्ञानातली नव्हते. जे दोन-चार जण दुरून पाणी आणू लागले होते तेही परत विहिरीवर आले होते. सरांना बघून कुणी तरी हसलं. कुणी म्हणालं, “कॉफी कुडीतीरा, मेष्ट्रे?” कॉफी घेणार का? ती हकीकत माझ्याचकडून वस्तीभर झाली होती.

सर गंभीरपणे म्हणाले, “साखर स्वल्प कमी.”

बाया हसल्या. रत्नम्मा हसली नाही. ती आत गेली, आणि खरंच कॉफी करून आणली, स्टीलच्या पेल्यात, वाफाळलेली. सरांसमोर धरून म्हणाली, “याच विहिरीच्या पाण्याची आहे. तुम्हीच सांगितलंत ना साहेबांना. घ्या.”

सरांनी पेला घेतला. दोन्ही हातांनी धरला. एखाद्या घरी दिलेलं परत करणं हे त्यांच्या लेखी घंटेनंतर बोलण्याइतकंच वाईट, मला माहीत होतं. त्यांनी एकदा पेल्यात बघितलं, एकदा रत्नम्माच्या पोरीकडे बघितलं आणि पेला विहिरीच्या कठड्यावर ठेवला.

“मी पिणार नाही,” ते म्हणाले. “आणि तुम्हीही प्यायचं नाही. हेच सांगायचं राहिलं होतं.”

रत्नम्मा कठड्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, सांगा.

सरांनी खिशातून खडू काढला. लिहायला काही नव्हतं, नुसताच हातात धरला. तिथे दारापासून सुरुवात करतील तर ते सर कसले? त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तोंडं, पाठी, गर्दी. एका बाईने पोराला कडेवर बदललं. मी मनातल्या मनात म्हणत होते, लवकर, लवकर. ते बीटवर आले. रंग सुटला नाही, म्हणाले. पटल शाबूत आहे, म्हणाले. “पण...”

आणि कारखान्याचा भोंगा झाला.

पाळी सुटल्याचा भोंगा, लांबलचक. सर थांबले. ओठ तसेच, अर्धे उघडे. खडू धरलेला हात खिशाकडे निघाला. मी डोळे मिटून घेतले, खोटं कशाला सांगू. मला ते दुसऱ्यांदा बघायचं नव्हतं.

“मेष्ट्रे,” रत्नम्माचा आवाज आला, त्या भोंग्याच्याही वर. “तो त्यांचा आहे. तुमचा नाही. हेळी.” बोला.

मी डोळे उघडले. हात खिशाच्या तोंडाशी थांबला होता. सरांनी कारखान्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. मान डोलावली, जशी कुणा पोराने बरोबर उत्तर दिल्यावर डोलवायचे.

भोंगा अजून चालूच होता. एवढा बारीक आवाजाचा माणूस, गळ्याच्या शिरा ताणून त्याच्यावरून ओरडत होता, त्याच शब्दापासून: पण दार, बायांनो, दार फसतं.